एकाच अंगात तीन इंजिनं: जॅग्वार सी-एक्स७५ ची गोष्ट

आमच्या इमारतीत वीज गेली की खाली जनरेटर सुरू होतो. त्याची घरघर एकदा लागली की एकाच लयीत. तिसऱ्या मजल्यावर कुणी मिक्सर लावो, कुणी लिफ्टमध्ये शिरो, त्याला घाई नाही की सुस्ती नाही. २०१० च्या सप्टेंबरअखेरीस पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात जॅग्वारने एक सुपरकार मांडली. ताशी ३३० किलोमीटरच्या गप्पा करणाऱ्या त्या गाडीच्या पोटात मुळात हाच जनरेटरचा विचार होता. इंधन जाळणाऱ्या यंत्राने चाकं फिरवायचीच नाहीत. त्याने एका कोपऱ्यात बसून वीज करायची, चाकं विजेच्या मोटरी फिरवतील.

गाडीचं नाव सी-एक्स७५. 'जॅग्वार' हे नाव १९३५ मध्ये पहिल्यांदा एका गाडीवर लागलं, त्याला ७५ वर्षं झाली म्हणून हा आकडा. त्याच्या दोनच वर्षं आधी, जून २००८ मध्ये, टाटा मोटर्सने फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर २३० कोटी डॉलरना घेतल्या होत्या. गाडी अस्सल ब्रिटिश आणि मालकाचा पत्ता मुंबईचा, अशी ती वेळ.

कन्सेप्ट कार म्हणजे काय, ते आधी बघू. मोटार प्रदर्शनात गोल फिरणाऱ्या चौथऱ्यावर जी गाडी झगमगत असते, ती पुष्कळदा धड चालतही नाही. आत एखादी छोटी मोटर असते, गाडी मंचावर आणून उभी करण्यापुरती. कंपनीला त्यातून विचारायचं असतं एवढंच, की असं काही केलं तर तुम्हाला आवडेल का? लोकांचे डोळे चमकले तर पुढचा खर्च. नाही चमकले तर गाडी गोदामात.

तिचा आकार घडतो तो मातीत. संगणक आले, आभासी चष्मे आले, तरी जवळपास प्रत्येक गाडी आजही एकदा पूर्ण आकाराच्या मातीत उभी राहते. पेणच्या कारखान्यात शाडूचं काम पाहिलेल्यांना ते दृश्य ओळखीचं वाटेल, फक्त ही माती वेगळी. शाडूत पाणी असतं, वाळताना तो आकसतो, कधी तडकतो. गाडीवाल्यांच्या मातीत मेण आणि तेल असतं. ती ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवली की लोण्यासारखी लिंपता येते, थंड झाली की खरवडता येते, आणि महिनोन् महिने वाळत नाही. आज दाराच्या वरची रेषा दोन मिलिमीटरने उचलायची, उद्या पुन्हा खाली आणायची, असा खेळ चालतो. मग त्यावर चंदेरी फिल्म ताणून बसवतात आणि सगळे मिळून प्रकाश कसा घरंगळतो ते पाहतात. पत्र्यावरची ट्यूबलाइटची पडछाया कुठे अडखळली, तर तिथे आकार चुकलाय.

सी-एक्स७५ च्या वेळी जॅग्वारचे मुख्य डिझायनर होते इयन कॅलम. गाडीत कंपनीच्या १९६६ च्या एक्सजे१३ ची आठवण आहे. ती शर्यतीसाठी बनली आणि शर्यतीत कधी उतरलीच नाही. पण नवी गाडी नुसती जुन्याची नक्कल नव्हती, कारण आतल्या यंत्राने बाहेरच्या आकाराला काही अटी घातल्या होत्या. टर्बाइनला हवा लागते, प्रचंड हवा. ती आणायची कुठून? उत्तर असं काढलं की हवा केबिनच्या कडेकडेने, सीटांच्या भोवतीने मागे न्यायची. त्यासाठी सीट मागच्या भिंतीला पक्क्या जोडल्या. म्हणजे सीट पुढेमागे सरकत नाही. उंच माणूस बसला तर? स्टिअरिंग, पेडल आणि समोरचा काटेवाला फलक हे सगळं त्याच्याकडे सरकून येतं. शर्यतीच्या गाड्यांत ही पद्धत आहेच. मला हा तपशील फार आवडतो. एका यंत्राला श्वास हवा म्हणून माणसाची बैठक बदलली.

आता टर्बाइन. आपल्या नेहमीच्या इंजिनात चार कामं होतात: हवा ओढा, दाबा, पेटवा, धूर बाहेर फेका. ही चारही कामं एकाच सिलिंडरमध्ये एकामागून एक होतात. घरी एकटी बाई पोळ्या करते तसं: गोळा करायचा, लाटायचा, भाजायचा, तूप लावायचं, मग पुढचा गोळा. लग्नघरात काय असतं? एक जण गोळे करते, दुसरी लाटते, तिसरी तव्यावर, चौथी तूप लावते. चारही कामं एकाच वेळी, वेगवेगळ्या जागी, आणि पोळ्यांची रांग तुटत नाही. टर्बाइन म्हणजे हे लग्नघर. पुढची पाती हवा ओढून दाबतात, मधल्या कोठीत इंधन अखंड जळत राहतं, आणि सुटलेला तप्त वायू मागची पाती फिरवत बाहेर पडतो. विमानाचं जेट इंजिन ते हेच.

ब्रिटनच्या ब्लेडन जेट्सने हे तंत्र लहान करून दाखवलं होतं. सी-एक्स७५ मधलं एक टर्बाइन ३५ किलोचं, म्हणजे सिमेंटच्या गोणीपेक्षा हलकं. फिरायचं मिनिटाला ८०,००० वेळा, आणि त्यावरचा जनरेटर ७० किलोवॉट वीज द्यायचा. अशी दोन, चालकाच्या पाठीमागे, काचेतून दिसतील अशी मांडलेली. डिझेल, जैवइंधन, गॅस, काहीही घाला, त्याची तक्रार नाही.

मग गाड्यांत टर्बाइन आधीच का आलं नाही? आलं होतं. रोव्हरने १९५० मध्ये जेट१ नावाची टर्बाइन गाडी चालवून दाखवली. अमेरिकेत क्रायस्लरने १९६३ पासून ५० टर्बाइन गाड्या चक्क सामान्य कुटुंबांना वापरायला दिल्या, आणि प्रयोग संपल्यावर बहुतेक मोडीत काढल्या. दुखणं एकच. टर्बाइनला सतत एका वेगाने फिरायला आवडतं आणि गाडी तर सिग्नलला थांबते, वळणावर मंदावते, मोकळा रस्ता दिसला की धावते. पाय दाबल्यावर टर्बाइन वेग धरायला वेळ लावतं, आणि गाडी उभी असतानाही इंधन पीतच राहतं. लग्नघरात पाचच पाहुणे जेवायला असले तरी चार बायका तव्याभोवती बसवाव्या लागतात, तसं.

जनरेटरच्या कल्पनेने हे दुखणं एका फटक्यात मिटतं. टर्बाइन आपल्या लाडक्या वेगाने फिरू दे, रस्त्यावरच्या चढउतारांचं बॅटरी आणि मोटरी बघून घेतील. चार चाकांना चार मोटरी, प्रत्येकी १४५ किलोवॉट. एकूण ५८० किलोवॉट, म्हणजे ७७८ अश्वशक्ती. शून्यापासून ताशी १०० किलोमीटर ३.४ सेकंदांत. भिंतीतल्या प्लगवर बॅटरी भरली की ११० किलोमीटर नुसत्या विजेवर, आणि ६० लिटर इंधन घेऊन सगळं मिळून ९०० किलोमीटर. कागदावर देखणं.

पण आकडे जरा जवळून बघू. बॅटरी होती १९.६ किलोवॉट-तासांची. आपल्या वीजबिलाच्या भाषेत १९.६ युनिट. युनिट म्हणजे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी, आणि किलोवॉट म्हणजे तोटी किती मोठी उघडली ते. चारही मोटरी पूर्ण जोरात असल्या तर तोटीतून ५८० किलोवॉट वाहतात. दोन टर्बाइन मिळून टाकीत भरतात १४०. उरलेले ४४० बॅटरीतून जाणार. हिशेब मांडला तर भरलेली टाकी पावणेतीन मिनिटांच्या आत कोरडी. अर्थात रस्त्यावर कुणी सलग पावणेतीन मिनिटं पाय दाबून ठेवत नाही. पण शर्यतीच्या ट्रॅकवर चार-पाच फेऱ्या मारून बघणाऱ्या गिऱ्हाईकाच्या हातात हळूहळू ७७८ ऐवजी १८८ अश्वशक्तीची गाडी उरली असती. ती कन्सेप्ट कार होती, त्यामुळे हा प्रश्न तिला कुणी फार विचारला नाही. तो प्रश्न आला पुढच्या वर्षी.

मे २०११ मध्ये जॅग्वारने जाहीर केलं की गाडी खरंच बनवणार. जास्तीत जास्त २५० नग, किंमत सात ते नऊ लाख पौंडांच्या घरात, आणि जोडीला फॉर्म्युला वनमधल्या विल्यम्सचा अभियांत्रिकी विभाग.

इथे जॅग्वारच्या पाठीवरचा एक जुना वळ आठवायला हवा. १९८७ च्या नाताळच्या सुट्टीत कंपनीचे मुख्य अभियंते जिम रँडल यांनी घरी बसून पुठ्ठ्याचं एक मॉडेल कापलं. मग काही सहकारी शनिवारी, पगाराशिवाय, त्यावर काम करू लागले. त्यातून १९८८ मध्ये बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात एक्सजे२२० उभी राहिली: व्ही१२, म्हणजे बारा सिलिंडरचं इंजिन, चारही चाकांना ताकद, वर उघडणारी दारं. श्रीमंतांनी ५०,००० पौंडांची अनामत भरून रांग लावली. १९९२ मध्ये प्रत्यक्ष हाती पडली त्या गाडीत साडेतीन लिटरचं व्ही६ टर्बो इंजिन होतं, ताकद फक्त मागच्या चाकांना, दारं साधी आणि किंमत चार लाख पौंडांच्या वर. गाडी त्या काळातली जगातली सर्वांत वेगवान ठरली, पण मधल्या काळात मंदी आली होती. 'आम्हाला दाखवलं एक आणि देताय दुसरंच' म्हणत गिऱ्हाइकं कोर्टात गेली. जॅग्वारमध्ये सुपरकार हा शब्द निघाला की हा वळ ठणकत असणार, असं आपलं मला वाटतं.

आणि २०११ मध्येही पहिला निर्णय तोच झाला, इंजिन बदलायचा. टर्बाइन तेवढ्या वेळात उत्पादनाला तयार होणारं नव्हतं. एक चालतं यंत्र बनवणं वेगळं आणि २५० गिऱ्हाइकांना हमीसकट देणं वेगळं. थंडीत सुरू व्हायला हवं, धुराच्या चाचणीत बसायला हवं, मागे उभ्या माणसाच्या पिंढऱ्या भाजायला नकोत.

त्या जागी जे आलं ते ऐकून बऱ्याच जणांनी नाक मुरडलं: १.६ लिटरचं, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. आकाराने आपल्याकडच्या एखाद्या सेदान गाडीएवढं! माझं मत उलटं आहे. या सगळ्या प्रकल्पातली खरी धाडसी वस्तू टर्बाइन नव्हती, हे इंजिन होतं. त्यातून काढायचे होते ५०२ अश्वशक्ती, मिनिटाला १०,००० फेऱ्यांवर. म्हणजे सेकंदाला १६६ फेऱ्या, आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला ८३ स्फोट. आपल्या रोजच्या छोट्या गाडीत एका लिटरमागे ७०-७५ अश्वशक्ती मिळतात. इथे तीनशेच्या वर.

ते कसं? जास्त ताकद हवी तर जास्त इंधन जाळायला हवं, जास्त इंधन जाळायचं तर जास्त हवा कोंबायला हवी. कोंबायचे दोन मार्ग. टर्बो बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो. फुकटची ताकद, पण धूर जोरात येईपर्यंत तो झोपलेला. सुपरचार्जर थेट इंजिनाच्याच जोरावर फिरतो. तो तत्पर, पण इंजिनाची थोडी ताकद खातो. या इंजिनावर दोन्ही लावले: खालच्या वेगात सुपरचार्जरने रेटायचं, वर गेल्यावर टर्बोने सूत्रं घ्यायची. जोडीला चारऐवजी दोन मोटरी, एक पुढच्या आसाला, एक मागच्या. सगळं मिळून साडेआठशेच्या वर अश्वशक्ती. आणि आता इंजिन चाकांनाही ताकद देत होतं, त्यामुळे टाकी कोरडी झाली तरी गाडीत ५०२ अश्वशक्ती शिल्लक. पावणेतीन मिनिटांचा तो प्रश्न निकालात निघाला.

छोट्या इंजिनाचा दुसरा फायदा जागेचा. २३० किलोची बॅटरी, दोन मोटरी, सात गिअरचा गिअरबॉक्स, हे सगळं त्याच देखण्या अंगात बसवायचं होतं. तिथे व्ही८ घातलं असतं तर गाडीची पाठ उंच झाली असती, आणि पॅरिसमध्ये ज्या रेषेवर लोक भाळले तीच रेषा मोडली असती.

सांगाडाही बदलला. कन्सेप्टचा ॲल्युमिनियमचा होता, आता कार्बन फायबरचा. कार्बन फायबर म्हणजे मुळात कापड. हातमागावर उभे-आडवे धागे असतात तसे केसाहून बारीक कार्बनचे धागे विणलेले, त्यात राळ मुरवलेली. हे कापड साच्यात थरावर थर बसवतात. प्रत्येक थराची दिशा ठरलेली, कारण धागा लांबीच्या दिशेने ताकदवान आणि आडवा दुबळा. मग हवा काढून अवाढव्य भट्टीत, उष्णता आणि दाब एकदम देऊन, शिजवतात. प्रेशर कुकरच तो, फक्त खोलीएवढा. बाहेर येतं ते पोलादापेक्षा कितीतरी हलकं आणि वाकायला तयार नसलेलं टोपलं. चालक त्या टोपल्यात बसतो, इंजिन त्याला मागून टांगलेलं.

सर्वांत चिवट शत्रू मात्र उष्णता. इंजिनाचं पाणी ९० अंशांच्या पुढे खुशाल असतं. बॅटरीला चाळिशीच्या आसपासच घाम फुटतो. मोटरींच्या विजेवर ताबा ठेवणारी इलेक्ट्रॉनिक्स कुठेतरी मध्ये. म्हणजे प्रत्येकाचं पाणी वेगळं, रेडिएटर वेगळा, आणि प्रत्येक रेडिएटरला वाऱ्याचं तोंड हवं. आता गाडीच्या गुळगुळीत कुशीत किती भोकं पाडणार? अभियंता म्हणतो आणखी एक हवं, डिझायनर म्हणतो रेषा बिघडेल. शिवाय वारा नुसता थंडावा देत नाही, अडवतोही. वेग दुप्पट केला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो आणि तो तोडायला लागणारी ताकद आठपट. आणि ताशी ३०० च्या पुढे गाडीने जमीन सोडू नये म्हणून त्याच वाऱ्याकडून तिला खाली दाबूनही घ्यायचं. पोटाखालचा तळ असा वळवायचा की तिथली हवा वेगाने सटकून दाब कमी व्हावा, आणि मागचं पंख वेगाप्रमाणे हलावं.

हे जमलं. ऑक्सफर्डशायरमधल्या ग्रोव्ह इथे विल्यम्सच्या मंडळींनी पाच प्रोटोटाइप उभे केले, चाचणीत ताशी ३२० किलोमीटरची रेषा ओलांडली, शून्य ते १६० सहा सेकंदांच्या आत. नुसत्या विजेवर ६० किलोमीटर. आणि अंगावरची रेषा पाहिली तर पॅरिसची गाडी कुठली आणि चाचणीची कुठली हे सांगायला दोनदा बघावं लागतं. एक्सजे२२० च्या वेळी जे निसटलं होतं ते इथे घट्ट धरून ठेवलं होतं.

डिसेंबर २०१२ मध्ये जॅग्वारने प्रकल्प बंद केला. कारण सांगितलं ते असं, की जग आर्थिक ओढाताणीत असताना लाखो पौंडांची सुपरकार आणण्याची ही वेळ नाही. हिशेबाच्या वहीत ते पटतं. त्याच काळात कंपनी सामान्य गिऱ्हाइकांसाठी नव्या गाड्या आणि नव्या इंजिनांवर पैसा ओतत होती, २५० गाड्यांपायी त्यातली माणसं अडकवणं परवडणारं नव्हतं. पण पुढच्याच वर्षी मॅक्लारेन पी१, पोर्शे ९१८ आणि लाफेरारी अशा तीन हायब्रिड सुपरकार आल्या. पी१ च्या ३७५ आणि ९१८ च्या ९१८ गाड्या सगळ्या विकल्या गेल्या. बॅटरीच बघायची तर पी१ ची ४.७ युनिटांची, ९१८ ची ६.८, आणि जॅग्वारची १९. विजेच्या बाबतीत ती सगळ्यांच्या पुढे होती, आणि तीच तेवढी रस्त्यावर आली नाही. अर्थात, नऊ लाख पौंड मोजणाऱ्याला चार सिलिंडर कितपत गोड लागले असते, हा प्रश्न आहेच. तो माणूस आकड्यांइतकाच आवाजही विकत घेतो.

जॅग्वारने सगळंच फेकून दिलं नाही. २०१८ च्या विजेवरच्या आय-पेसचं आखूड, बुटकं बोनेट आणि पुढे सरकवलेली केबिन याच गाडीवरून आलेली आहे, हे कंपनीच सांगते. विजेच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई शर्यतीत २०१६ मध्ये जॅग्वार उतरली तेव्हा जोडीला पुन्हा विल्यम्सच होती.

तिसरं इंजिन अजून राहिलंय. २०१५ च्या जेम्स बाँडपटात खलनायकाच्या माणसाला एक गाडी हवी होती, रोमच्या रस्त्यांवर रात्रीच्या पाठलागासाठी. त्यासाठी विल्यम्सने सी-एक्स७५ पुन्हा बनवल्या, पण स्टंटच्या. कार्बनच्या टोपल्याऐवजी पोलादी नळ्यांचा सांगाडा, पायऱ्यांवरून उडी मारली तरी तग धरतील असे सस्पेन्शन, आणि पाठीमागे पाच लिटरचं सुपरचार्ज्ड व्ही८. ना बॅटरी, ना मोटर. जगातल्या बहुतेक लोकांनी सी-एक्स७५ पाहिली ती अशी, पेट्रोल ढोसत गुरगुरणारी.

इयन कॅलम यांनी २०१९ मध्ये जॅग्वार सोडली आणि वॉरिकला स्वतःची कंपनी काढली. त्यांच्याकडे त्या स्टंट गाड्यांपैकी एक आली, तिच्या मालकाला ती नंबरप्लेट लावून रस्त्यावर चालवायची होती. मंडळींनी तिला सायलेन्सर लावले, धूर गाळणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लावले, पडद्यावर चालून गेलेल्या पत्र्यांच्या फटी नीट जुळवल्या. एप्रिल २०२४ मध्ये ती इंग्लंडमधल्या बिस्टरला लोकांसमोर आली. पॅरिसनंतर साडेतेरा वर्षांनी रस्त्यावर चालायची परवानगी मिळालेली ती सी-एक्स७५, पाठीत व्ही८ घेऊन.